फौज परत कधी आणणार, हे पाठवायच्या आधी संसदेत सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगात कुठेही युद्ध पेटलं की आपल्याकडे संध्याकाळी टीव्हीवर एक चर्चा हमखास रंगते, भारत आता मोठा देश झालाय, मग आपणही तिथे फौज पाठवायला नको का वगैरे. रिटायर्ड अधिकारी असतात, पक्षांचे प्रवक्ते असतात, अँकर तर स्वतःच बंदूक घेऊन निघाल्यासारखा ओरडत असतो. यातला एकही जण विचारत नाही की बाबांनो, पाठवलेली पोरं परत कधी आणायची, ते कोणी ठरवायचं, आणि तिकडे ज्यांनी आपल्याला साथ दिली त्यांचं पुढे काय करायचं. हे पत्र त्यासाठीच आहे आणि खरं तर ते महाराष्ट्रातल्या ४८ लोकसभा आणि १९ राज्यसभा खासदारांसाठी आहे, पण त्यांना डायरेक्ट लिहिलं तर पोचसुद्धा येत नाही, पेपरात छापून आलं तर निदान पीए कात्रण तरी समोर ठेवतो.

माझी मागणी सरळ आहे. परक्या देशातल्या युद्धात आपली फौज उतरवायची असेल तर तिला परत आणायचा प्लॅन आधी संसदेपुढे आला पाहिजे, त्यावर मतदान झालं पाहिजे, आणि तसा कायदा झाला पाहिजे. आज असा कायदा नाही. संसदेला न विचारता सरकार फौज पाठवू शकतं, आणि ती तिथे किती वर्षं ठेवायची हेही तेच ठरवतं.

कोणी म्हणेल आत्ता कुठे आपली फौज परदेशी युद्धात आहे, कशाला उगाच विषय काढताय. नाहीये म्हणूनच आत्ता काढतोय. एकदा विमानं उडाली की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो आणि मग कुठल्याही पक्षाचा खासदार तोंड उघडत नाही, निवडणूक असली तर नाहीच नाही.

आपण हे एकदा भोगलंय हो. आजच्या पोरांना आयपीकेएफ, म्हणजे श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना, म्हटलं तर माहीतसुद्धा नसतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथल्या तमिळ प्रश्नावरच्या करारावर सह्या केल्या. त्या कराराच्या परिशिष्टात एक वाक्य होतं, की गरज पडली तर श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील. बस, एवढंच. किती सैनिक, किती दिवस, कुठल्या हद्दीत, काम संपलं हे कोणी म्हणायचं, यातलं काही नाही. आणि सहीची शाई वाळायच्या आत ५४ इन्फन्ट्री डिव्हिजनची माणसं जाफनाजवळ पलालीच्या धावपट्टीवर उतरायला लागली. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला, म्हणजे तिथल्या लोकांना हे कितपत पसंत होतं ते सुरुवातीलाच दिसलं होतं, फक्त आपल्याकडे कोणी बघायला तयार नव्हतं.

माझा मामा त्यात होता, मराठा पलटणीत, बेळगावला भरती झालेला. तो सांगतो की आम्हाला वाटलं होतं हत्यारं जमा करून घ्यायची, दोन्हीकडच्यांना लांब ठेवायचं आणि दिवाळीपर्यंत घरी. नकाशेसुद्धा धड नव्हते, झेरॉक्सवर काम चाललं होतं, आणि हातात ती जड एसएलआर रायफल, समोरच्याकडे एके-४७. घरी आजीला काहीच पत्ता नसायचा, कारण फौजेत आंतरदेशीय पत्रावर पत्ता एकच, मार्फत ५६ एपीओ, मग माणूस काश्मीरमध्ये असो नाहीतर समुद्रापलीकडे. सकाळच्या बातम्यांत जाफना ऐकलं की ती रेडिओ बंद करायची आणि थोड्या वेळाने स्वतःच परत लावायची. मामा परत आला, पायात छर्रे घेऊन आला पण आला. त्याच्या सेक्शनमधले सगळे आले नाहीत, आणि त्याबद्दल तो आजही बोलत नाही, विषय काढला की उठून गोठ्यात जातो.

झालं काय, की ज्या तमिळ लोकांना वाचवायला गेलो त्यांच्यातल्याच सगळ्यात मोठ्या संघटनेशी ऑक्टोबरमध्ये लढाई सुरू झाली. त्या संघटनेने, एलटीटीईने, हत्यारं पूर्ण टाकलीच नाहीत. १० ऑक्टोबरला ऑपरेशन पवन सुरू झालं आणि ११-१२ च्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या आवारात हेलिकॉप्टरने माणसं उतरवली, एलटीटीईचा म्होरक्या प्रभाकरनला आणि बाकी पुढाऱ्यांना पकडायला. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान उतरले, पाठीमागून मदत पोचू शकली नाही, २९ गेले आणि एक पकडला गेला. पुढच्या महिन्यात, २५ नोव्हेंबरला, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून लढले आणि शहीद झाले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शौर्यात कोणी कमी पडलं नाही, ते मी म्हणतच नाहीये. शांतता राखायला पाठवलेल्या फौजेला परमवीर चक्र मिळण्याएवढी लढाई करावी लागली यातच वर बसलेल्यांचा हिशोब किती चुकला होता ते कळतं.

आणि एकदा हिशोब चुकल्यावर थांबायची सोय कुठेच नव्हती ना, म्हणून मग आणखी एक डिव्हिजन, मग आणखी एक, असं करत चार डिव्हिजन तिथे गेल्या, सत्तर हजारांच्या वर माणूस. दर वेळी कारण एकच, आत्ता मागे फिरलो तर आधीचे गेले ते फुकट जातील. हे कारण एकदा मान्य केलं की युद्ध कधीच संपत नाही, कारण रोज कोणीतरी नवीन जातोच. शेवटी सुमारे १२०० जवान गेले आणि हजारो जखमी झाले. तिथल्या सामान्य माणसांचं तर आपण नावच घेत नाही. २१ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, जाफना हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले ते आपल्याच फौजेच्या गोळीबारात. फौजेबद्दल अभिमान असलेल्या घरातला माणूस म्हणून हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते झालंय. ओळखीचा मुलूख नाही, भाषा कळत नाही, समोरचा कोण ते कळत नाही आणि परत जायची तारीख नाही अशा जागी पोरं ठेवली की असं होतं, आणि त्याचा जाब पोरांबरोबर पाठवणाऱ्यांनाही विचारायला हवा होता.

पण मला मुख्य सांगायचंय ते परतीचं. आपण ठरवून परत आलोच नाही, आपल्याला जा म्हणून सांगण्यात आलं. जयवर्धने गेले, प्रेमदासा आले, आणि १ जून १९८९ ला त्यांनी जाहीर करून टाकलं की भारतीय फौजेने जुलै संपायच्या आत निघावं. ज्यांच्या सरकारच्या विनंतीवरून गेलो त्यांनीच दार दाखवलं, वर त्याच वेळी त्यांचं सरकार एलटीटीईला हत्यारं देत होतं, आपल्याविरुद्ध वापरायला. आपण काय केलं, तर २९ जुलैला सहाशे जवान नावापुरते परत आणले आणि बाकीच्यांसाठी घासाघीस करत बसलो. सप्टेंबरमध्ये ठरलं ३१ डिसेंबरपर्यंत निघायचं. मध्ये आपल्याकडे निवडणूक झाली, राजीव गांधी हरले, व्ही. पी. सिंग आले, आणि शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. म्हणजे जायला एक वाक्य पुरलं आणि यायला दोन वर्षं आठ महिने, दोन पंतप्रधान आणि तिकडचे दोन राष्ट्राध्यक्ष लागले.

मागे राहिले त्यांचं ऐका. आपण निघायच्या बेतात असताना घाईघाईने तिथे तमिळ नॅशनल आर्मी उभी केली, ईपीआरएलएफ वगैरे एलटीटीईविरोधी तमिळ पक्षांच्या मदतीने. त्यात कितीतरी कॉलेजची, शाळेची पोरं जबरदस्तीने धरून आणलेली, थोडंसं ट्रेनिंग, हातात भारतीय हत्यारं. कल्पना अशी की आपण गेल्यावर ही पोरं एलटीटीईला रोखतील. कोणाला खरंच असं वाटत होतं देव जाणे. आपली जहाजं सुटली आणि एलटीटीईने ती सेना झटक्यात मोडून काढली, हत्यारं काढून घेतली, असंख्य पोरं मारली. तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री, ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमल भारतात पळून आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना तर जून १९९० मध्ये मद्रासमध्ये, म्हणजे आपल्या जमिनीवर येऊन मारलं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

आणि जे परत आले त्यांचं स्वागत कसं झालं? मद्रास बंदरावर शांतिसेना उतरली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, कारण त्यांच्या मते या फौजेने तमिळ माणसं मारली होती. त्यांची भूमिका पटो न पटो, पण बंदरावर उतरणाऱ्या शिपायाने यात काय ठरवलं होतं? पुढे कोलंबोजवळ या जवानांचं स्मारक उभं राहिलं, २०१५ च्या दौऱ्यात पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. आपल्या तालुक्याच्या गावात मात्र कारगिलच्या हुतात्म्याच्या नावाची कमान असते, श्रीलंकेत गेलेल्याचं नाव ग्रामपंचायतीच्या बोर्डावरसुद्धा सापडत नाही.

कोणी म्हणेल हे जुनं झालं, आता सगळं प्रोफेशनल आहे. मग जगातली सगळ्यात श्रीमंत, अमेरिकेची फौज २०२१ मध्ये काबूलमधून कशी निघाली ते आठवा. वीस वर्षं राहून शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्यात तालिबानशी करार, त्यात खुद्द अफगाण सरकार नाहीच. जुलैच्या सुरुवातीला रातोरात बग्राम तळ रिकामा केला, अफगाण कमांडरलाही नीट न सांगता, १५ ऑगस्टला काबूल पडलं आणि मग त्या एका धावपट्टीवरून सव्वा लाखाच्या आसपास माणसं काढली. विमानाला लटकलेली माणसं आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितली. २६ ऑगस्टच्या स्फोटात १३ अमेरिकन आणि सुमारे १७० अफगाण गेले. दुभाषे, ड्रायव्हर, ऑफिसातले कारकून, ज्यांनी वर्षानुवर्षं अमेरिकनांसाठी काम केलं, त्यातले कितीतरी व्हिसाच्या फाईलसकट मागे राहिले. पुण्यात तेव्हा भरपूर अफगाण विद्यार्थी होते, माझ्या भाच्याच्या कॉलेजात एक होता, त्याचे वडील सरकारी नोकरीत. ते दोन आठवडे तो मुलगा मेसमध्ये ताट वाढून घ्यायचा आणि फोनकडे बघत तसाच बसायचा, असं भाचा सांगायचा.

अमेरिकेत कायदा नाही असंही नाही. व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये निक्सनचा व्हेटो मोडून त्यांच्या काँग्रेसने वॉर पॉवर्सचा ठराव पास केला, परवानगी नसेल तर ६० दिवसांत फौज मागे. पण एकदा २००१ मध्ये युद्धाची जी परवानगी दिली तिला मुदतच घातली नाही, आणि प्रतिनिधीगृहात तिच्या विरोधात मत दिलं फक्त बार्बरा ली या एकट्या बाईंनी. म्हणजे परवानगी घ्यायची नुसती पद्धत असून भागत नाही, परवानगीला तारीख लागते. मला त्यापेक्षा जर्मनीचं बरं वाटतं. त्यांचा २००५ चा कायदा आहे, सरकारने फौज बाहेर पाठवताना संसदेला अर्ज करायचा, त्यात काम काय, हद्द कुठली, जास्तीत जास्त सैनिक किती, मुदत किती, खर्च किती आणि तो कुठून, हे सगळं लिहून द्यायचं. बहुतेक वेळा वर्षाची परवानगी मिळते, वर्ष संपलं की परत या आणि परत विचारा. संसदेला वाटलं तर दिलेली परवानगी मध्येच काढूनही घेता येते. काय बिघडलं त्यांचं? साध्या बचत गटात सुद्धा कर्ज देताना फेडणार कधी ते लिहून घेतात हो, आणि इथे माणसं पाठवायचीयेत.

यूएनच्या निळ्या हेल्मेटखाली आपले जवान बाहेर असतात तो प्रकार वेगळा, त्याला युद्ध म्हणता येणार नाही. तिथे निदान सुरक्षा परिषद मुदत तरी ठरवते, लेबनॉनचं मिशन ३१ डिसेंबर २०२६ ला संपवायचं आणि मग वर्षभरात फौजा काढायच्या हे ऑगस्ट २०२५ मध्येच ठरलं. न्यूयॉर्कमध्ये बसून हे ठरवता येतं तर दिल्लीत का येऊ नये?

आणि आपल्या संसदेला हे जमत नाही असं कोण म्हणतं. ८ एप्रिल २००३ ला इराकच्या युद्धावर लोकसभेने एकमताने ठराव केला, लढाई थांबवा आणि फौजा लवकर मागे घ्या असं अमेरिकेला ठणकावून सांगितलं. तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत आपले मनोहर जोशी सर होते. पुढे अमेरिका म्हणत होती भारताने इराकमध्ये एक डिव्हिजन पाठवावी, आणि दिल्लीत तेव्हा पाठवू या म्हणणारे वजनदार लोक होते. संसदेचा तो ठराव समोर होता, विरोधी पक्ष अडून बसले होते, आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने यूएनचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही म्हणून सांगितलं. इराकमध्ये पुढे काय झालं ते बघितलं तर त्या एका नकाराने किती आंतरदेशीय पत्रं, म्हणजे आता व्हॉट्सअ‍ॅप कॉल म्हणा, वाचले याचा अंदाज येतो. दुसऱ्याला फौज मागे घ्या म्हणून सांगणाऱ्या सभागृहाला स्वतःच्या फौजेबद्दल विचारायचा हक्क नसावा हे काही पटत नाही.

गुप्ततेचं कारण नेहमी पुढे येतं. तारीख जाहीर केली की शत्रू वाट बघत बसतो हे अगदीच खोटं नाही. पण लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहे, संरक्षणाची स्थायी समिती आहे, सगळं काही लाईव्ह दाखवा असं कोणी म्हणत नाही. १९६२ मध्ये चीन आत घुसलेला असताना नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावलं आणि खासदारांनी तोंडावर बोल लावले, देश काही त्याने बुडाला नाही. आणि प्लॅन म्हणजे नुसती तारीख नव्हे. काय झालं की काम संपलं म्हणायचं, काय झालं की काम जमत नाही म्हणून निघायचं, यजमान सरकार उलटलं तर काय, कुठल्या बंदरातून निघायचं, आणि आपल्याबरोबर काम केलेल्या स्थानिक माणसांना आणि त्यांच्या बायकापोरांना व्हिसा कोण देणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तोच सगळे विसरतात.

माघार म्हटलं की आपल्याकडे लगेच नाक कापल्यासारखं होतं, ते तर महाराष्ट्रात तरी व्हायला नको. पुरंदरच्या तहात १६६५ ला महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, स्वतःकडे १२ ठेवले, माणसं वाचवली आणि १६७० पासून एकेक किल्ला परत घेतला. त्याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही. शाळेत चौथीच्या पोराला जे कळतं ते चर्चेतल्या प्रवक्त्याला कळू नये म्हणजे कमाल आहे.

कायदा करायला घटनादुरुस्ती वगैरे लागेल असंही वाटत नाही. केंद्राच्या यादीत 'युद्ध आणि शांतता' हा विषय आहेच, म्हणजे संसद त्यावर कायदा करू शकते. सरकार स्वतःहून आणणार नाही, कुठल्याच पक्षाचं सरकार स्वतःच्या हाताला दोर बांधून घेत नाही. म्हणून एखाद्या खासदाराने खाजगी विधेयक मांडावं. मला माहितीये की स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं पास झाली आणि शेवटचं १९७० मध्ये, ती घेतात शुक्रवारी दुपारी, तेव्हा निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं. पण विधेयक मांडलं की चर्चा होते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर रेकॉर्डवर राहतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाणा, या पट्ट्यातून गावंच्या गावं फौजेत जातात, साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, मग हे विधेयक इथल्या खासदाराने नाही मांडायचं तर कोणी.

आपल्या पेपरला एक विनंती. पुढच्या अधिवेशनाच्या आधी महाराष्ट्रातल्या सगळ्या खासदारांना एकच प्रश्न पाठवा, की परदेशात फौज पाठवण्याआधी संसदेची मुदतबंद मंजुरी आणि परतीचा प्लॅन सक्तीचा करणाऱ्या विधेयकाला तुम्ही पाठिंबा देणार का, हो की नाही. आलेली उत्तरं मतदारसंघाच्या नावासकट छापा, आणि ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढची जागा रिकामी छापा.

आपला नियमित वाचक,
ता. कोरेगाव, जि. सातारा